इंजिनाचा उच्छ्वास आणि एक छोटा डबा

जुनी गाडी घ्यायला निघालेला माणूस ओळखीच्या मेकॅनिकला सोबत नेतो. मेकॅनिक बॉनेट उघडतो, इंजिन चालू ठेवायला सांगतो आणि टॅपेट कव्हरवरचं तेलाचं झाकण फिरवून काढतो. त्या भोकावर तो तळहात धरतो. हाताला हलकी फुंकर लागली तर मान डोलावतो. गरम वाफेचे फटके बसू लागले, निळसर धूर येऊ लागला, तर झाकण परत लावत म्हणतो, ‘बॅक कॉम्प्रेशन मारतंय. रिंगा गेल्यात.’ गाव कुठलंही असो, गॅरेजात ही परीक्षा अशीच होते.

हाताला लागते ती इंजिनाच्या पोटातली वाफ. अभियंते तिला ‘ब्लो-बाय’ म्हणतात. नव्याकोऱ्या, धडधाकट इंजिनातही ती असतेच, फक्त थोडी असते. तिला बाहेर काढावंच लागतं; कोंडली तर ती इंजिनाचं नुकसान करते आणि मोकळी सोडली तर हवेचं. साध्या इंजिनात तिची वाट ठरलेली असते. सुपरचार्जर बसवलेल्या इंजिनात मात्र गाडी हळू चालते तेव्हा ही वाफ एकीकडे जाते आणि पाय दाबला की दुसरीकडे. म्हणूनच अशा गाड्यांच्या बॉनेटखाली पुष्कळदा एक छोटा ॲल्युमिनियमचा डबा दिसतो. त्याचं नाव कॅच कॅन. बाजारातून आणून तो कुठल्याही नळीवर चढवला की काम झालं, असा समज सर्रास आढळतो. डब्याचं काम समजून घ्यायचं तर आधी वाफेची वाट समजून घ्यावी लागते.

रिंगांमधून निसटलेलं

पिस्टन सिलिंडरमध्ये वर-खाली फिरतो तो थोडी फट राखूनच. ती फट बुजवण्याचं काम पिस्टनच्या कडेच्या खाचांत बसवलेल्या रिंगा करतात. पण रिंग म्हणजे बंद वर्तुळ नसतं. बसवता यावी आणि तापल्यावर फुगायला जागा मिळावी म्हणून तिला एका ठिकाणी चीर असते. मिनिटाला ६००० फेऱ्या घेणाऱ्या चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला २०० स्फोट होतात. प्रत्येक स्फोटाचा दाब वातावरणाच्या दाबाच्या कित्येक दहापट असतो, आणि दर वेळी थोडासा वायू त्या चिरेतून, रिंगांच्या कडेने खाली निसटतो.

खाली क्रँककेस असते, म्हणजे क्रँकशाफ्ट फिरते ती पोकळी. तिच्या तळाशी चेंबरमध्ये तेल असतं. तिथे पोचलेल्या वायूत अर्धवट जळलेलं पेट्रोल असतं, धूर असतो आणि पाण्याची वाफही असते. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटरभर पाणी तयार होतं. त्यातलं बहुतेक सायलेन्सरमधून निघून जातं, पण थोडा वाटा रिंगांमधून खाली उतरतो. त्यातच क्रँकशाफ्टच्या फिरण्याने उडालेले तेलाचे बारीक तुषार मिसळतात. हिवाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीचं तेलाचं झाकण उघडलं तर आतून पिवळट, लोण्यासारखा थर दिसतो. तेल आणि पाणी घुसळून झालेलं ते मिश्रण असतं. इंजिन पुरेसं तापलंच नाही की ही वाफ बाहेर पडत नाही, आतच गारठते.

वाफ कोंडली तर दाब वाढतो. तो वाट शोधतो आणि सगळ्यात कमजोर जागा फोडतो. टॅपेट कव्हरचं गॅसकेट पाझरू लागतं, क्रँकशाफ्टच्या टोकाचं ऑइल सील ठिबकू लागतं, कधी डिपस्टिक आपल्या नळीतून उचलली जाते. पुष्कळदा सील बदललं तरी महिन्याभरात गळती परत सुरू होते. सील चांगलंच असतं. त्याला आतून ढकलणारा दाब कुणी तपासलेला नसतो.

बुलेट चालवणाऱ्यांना हा प्रकार वेगळ्या रूपात माहीत असतो. एकच मोठा सिलिंडर असल्याने पिस्टन खाली आला की त्याच्याखालची सगळी हवा दाबली जाते आणि वर गेला की ओढली जाते. जुन्या बुलेटच्या ब्रीदरला म्हणून रबराची एक छोटी चोच असते. बदकाच्या चोचीसारखी दिसते म्हणून तिला ‘डकबिल’ म्हणतात. आतली हवा बाहेर जाताना ती उघडते, बाहेरची आत येऊ लागली की मिटते. हे रबर कडक झालं किंवा फाटलं की इंजिन जागोजागी तेल गाळू लागतं. चार-पाच सेंटिमीटरच्या रबरी तुकड्यावर अख्ख्या इंजिनाचा कोरडेपणा अवलंबून असतो.

रस्त्यावरून हवेत, हवेतून कायद्यात

सुरुवातीच्या मोटारींनी या प्रश्नाला सोपं उत्तर शोधलं होतं. क्रँककेसमधून एक नळी काढून ती गाडीखाली उघडी सोडायची. नळीचं तोंड तिरकं कापलेलं असे, त्यामुळे गाडी धावू लागली की खालून वाहणाऱ्या वाऱ्याने वाफ आपोआप ओढली जाई. जुन्या ट्रक-ट्रॅक्टरांखाली लोंबणारा, टोकाला तेलाचा थेंब धरलेला ब्रीदर पाइप त्याच घराण्यातला. दुसऱ्या महायुद्धात लष्करी वाहनांना खोल पाण्यातून जावं लागे. तिथे उघडी नळी चालेना, म्हणून ही वाफ इंजिनाच्याच इनटेकमध्ये ओढून घेणारी बंद व्यवस्था वापरात आली. युद्ध संपलं आणि साध्या मोटारी पुन्हा उघड्या नळीवरच राहिल्या.

बदल घडला तो लॉस एंजेलिसच्या धुरक्यामुळे. २६ जुलै १९४३ रोजी त्या शहरावर इतकं दाट, डोळे झोंबवणारं धुरकं पसरलं की हा शत्रूचा रासायनिक हल्ला आहे असं काहींना वाटलं. पुढे कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधले रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट या धुरक्याच्या मागे लागले. ते मूळचे नेदरलँड्सचे. तोवर अननसाच्या सुगंधातली रसायनं वेगळी करण्यावर त्यांचं काम चाललं होतं. तेच तंत्र शहराच्या हवेला लावून त्यांनी दाखवून दिलं की मोटारी आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून सुटणारे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड उन्हात एकमेकांशी रासायनिक प्रक्रिया करतात आणि त्यातून ओझोन आणि धुरकं तयार होतं.

मोटारीतून हायड्रोकार्बन कुठून कुठून सुटतात याचा हिशेब मांडल्यावर कळलं की साधारण पाचवा हिस्सा सायलेन्सरमधून येतच नाही. तो गाडीखालच्या त्या उघड्या नळीतून येतो. १९६१मध्ये कॅलिफोर्नियाने ही वाफ बंद वाटेने इंजिनात परत जाळण्याची सक्ती केली आणि १९६३च्या मॉडेलच्या गाड्यांपासून ती लागू झाली. अमेरिकेत मोटारींवर सक्तीने बसवलेलं हे पहिलं प्रदूषण-नियंत्रक साधन. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्यानंतर दहा-बारा वर्षांनी आला. या व्यवस्थेचं नाव पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन, आणि तिच्या मुख्य भागाला सगळे पीसीव्ही व्हॉल्व्ह म्हणतात.

भारतातही नव्या मोटारीला मंजुरी देताना क्रँककेसमधला वायू हवेत सुटत नाही ना, याची चाचणी भारत स्टेज या प्रदूषण-नियमांनुसार होते. अशा चाचण्या करणाऱ्या संस्थांपैकी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया पुण्यात, वेताळ टेकडीवर आहे.

वारा फिरतो तेव्हा

साध्या पेट्रोल इंजिनात ही वाट दोन नळ्यांची असते. पहिली एअर फिल्टरच्या पुढून निघते आणि स्वच्छ हवा टॅपेट कव्हरमध्ये आणते. दुसरी पीसीव्ही व्हॉल्व्हमधून इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपाला, जाते आणि आतली वाफ ओढून नेते. ओढण्याचं बळ मॅनिफोल्डमधल्या निर्वाताचं. गाडी आयडलिंगवर असताना थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, जवळजवळ बंद असतो आणि पिस्टन हवा मागत असतात, त्यामुळे मॅनिफोल्डमधला दाब वातावरणाच्या साधारण एक तृतीयांशापर्यंत उतरतो. तेवढ्या ओढीने सगळीच हवा खेचली जाऊ नये म्हणून पीसीव्ही व्हॉल्व्हमधली स्प्रिंगवरची दट्टी वाट अरुंद करते. थ्रॉटल उघडला, ओढ कमी झाली की दट्टी मागे सरकते आणि वाट रुंद होते. अंगठ्याएवढी ही वस्तू, पण अख्ख्या रचनेचा तोल तिच्यावर असतो.

आता याच इंजिनावर सुपरचार्जर चढवा. सुपरचार्जर म्हणजे क्रँकशाफ्टच्या पट्ट्यावर फिरणारा हवेचा पंप. तो इंजिनात वातावरणापेक्षा जास्त दाबाने हवा कोंबतो. ज्या मॅनिफोल्डमध्ये मघाशी निर्वात होता, तिथेच पाय दाबताच दाब तयार होतो. पीसीव्ही व्हॉल्व्हने या क्षणी घट्ट मिटलं पाहिजे, नाहीतर दाबाची हवा उलटी क्रँककेसमध्ये शिरेल. व्हॉल्व्ह मिटला की वाफ बाहेर पडण्याची नेहमीची वाट बंद. आणि नेमक्या याच क्षणी वाफ सगळ्यात जास्त असते, कारण सिलिंडरमधला दाब वाढलेला असतो. शिवाय अशा इंजिनात रिंगांची चीर थोडी मोठी ठेवावी लागते. जास्त उष्णतेने रिंग फुगून दोन्ही टोकं एकमेकांवर आदळू नयेत म्हणून.

मग ती वाफ उलटी फिरते. जी नळी स्वच्छ हवा आत आणत होती, तिच्यातूनच ती बाहेर पडते, एअर फिल्टरच्या पुढच्या पाइपात जाते आणि सुपरचार्जरमध्ये ओढली जाते.

२००२ साली इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डजवळच्या काउली कारखान्यातून आलेली मिनी कूपर एस हे याचं चांगलं उदाहरण. जाणकार तिला आर ५३ या सांकेतिक क्रमांकाने ओळखतात. १५९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, त्याला ईटन कंपनीचा एम ४५ सुपरचार्जर, आणि इंजिनाच्या डोक्यावर, बॉनेटमधल्या झरोक्याच्या बरोबर खाली इंटरकूलर. सुरुवातीला या इंजिनाची ताकद १६३ अश्वशक्ती होती. यात हवा आधी थ्रॉटलमधून, मग सुपरचार्जरमधून, मग इंटरकूलरमधून आणि शेवटी सिलिंडरमध्ये जाते. सुपरचार्जरच्या आधी हवेत जे मिसळेल ते पुढे या सगळ्यांतून प्रवास करतं. म्हणूनच वय झालेल्या मिनीचा इंटरकूलर साफसफाईसाठी काढला की त्याच्या दोन्ही बाजूंच्या रबरी बुटांत बोटाला तेलाचा थर लागतो.

हा थर दिसतो तेवढा निरुपद्रवी नाही. इंटरकूलरचं काम दाबाने तापलेली हवा थंड करणं. आतल्या पत्र्यांवर तेल बसलं की उष्णता बाहेर जायला अडथळा होतो. त्याहून मोठा तोटा जळणाचा. पेट्रोलमध्ये तेलाचे तुषार मिसळले की मिश्रणाची ऑक्टेन क्षमता उतरते आणि स्पार्क पडण्याआधी किंवा पडल्यावर मिश्रण भलत्या ठिकाणी पेटू शकतं. इंजिन ‘नॉकिंग’ करतं. नॉक सेन्सर ते ऐकतो आणि संगणक स्पार्क उशिरा पाडू लागतो. सुपरचार्जरने मिळवलेली ताकद इथे परत जाते. चालकाला फक्त एवढंच जाणवतं की गाडी पूर्वीसारखी उचलत नाही.

डब्याच्या आत

स्वयंपाकघरातली चिमणी ज्यांच्याकडे आहे त्यांना कॅच कॅन निराळा समजावून सांगावा लागत नाही. फोडणीची वाफ चिमणीच्या वाकड्या पत्र्यांमधून जाताना वळणं घेते. हवा वळते, पण तेलाचे थेंब जड असल्याने सरळ जाऊन पत्र्याला चिकटतात आणि खालच्या वाटीत उतरतात. कॅच कॅनमध्ये हेच घडतं. वाफ एका नळीने आत येते, रुंद जागेत आल्याने तिचा वेग मंदावतो, आडव्या पत्र्यांवर आणि स्टीलच्या जाळीवर ती आपटते, थंड भिंतींना लागून गारठते. तेल आणि पाणी तळाशी साचतं आणि बऱ्यापैकी कोरडा झालेला वायू वरच्या तोंडाने पुढे जातो.

यावरून चांगला डबा ओळखण्याच्या खुणा ठरतात. आत जाळी किंवा पत्रे नसलेला रिकामा डबा फारसं काही पकडत नाही. वायू एका तोंडाने शिरून तसाच दुसऱ्या तोंडाने निघून जातो. येणारी नळी आत खालपर्यंत उतरलेली आणि जाणारी वर, तिच्यापासून लांब असावी. डबा एक्झॉस्टजवळ बसवला तर तापतो आणि वाफ गारठतच नाही, म्हणून तो वारा लागेल अशा जागी हवा. इंजिनाकडून डब्याकडे नळीला सलग उतार असावा. मध्ये खोलगट झोका पडला की तिथे तेल साचून वाट बुजते.

आणि सुपरचार्जरच्या गाडीत एका नळीवर डबा लावून भागत नाही. वाटा दोन आहेत, म्हणून दोन्हींवर पहारा हवा. एक डबा पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये, दुसरा टॅपेट कव्हर आणि एअर फिल्टरच्या पुढचा पाइप यांच्यामध्ये. किंवा तीन तोंडांचा एकच डबा. त्यात इंजिनाची वाफ एका तोंडाने येते. उरलेल्या दोन तोंडांपैकी एक मॅनिफोल्डला जातं, दुसरं सुपरचार्जरच्या आधीच्या पाइपला, आणि दोन्हींवर एकदिशा व्हॉल्व्ह असतात. मॅनिफोल्डमध्ये निर्वात असेल तर वाफ तिकडे जाते, दाब असेल तर तो व्हॉल्व्ह मिटतो आणि दुसरा उघडतो. हे एकदिशा व्हॉल्व्ह कमी प्रतीचे असले तर सगळी रचना कोसळते. सुपरचार्जरची दाबाची हवा थेट चेंबरमध्ये घुसते आणि ऑइल सीलवर संकट येतं.

बसवण्याचं काम नीट झालं की नाही, हे तपासायला महागडं यंत्र लागत नाही. दीड-दोन मीटर पारदर्शक नळी यू आकारात एका फळीवर बांधायची, तिच्यात थोडं रंगीत पाणी भरायचं आणि एक टोक डिपस्टिकच्या नळीवर घट्ट चढवायचं. इंजिन आयडलिंगवर असताना इंजिनाकडच्या बाजूचं पाणी थोडं वर ओढलेलं दिसलं, तर क्रँककेसमध्ये हलका निर्वात आहे. हेच हवं असतं. पाणी दुसरीकडे ढकललं जात असेल तर कुठेतरी वाट तुंबली आहे. सुपरचार्जर दाब देत असताना काय होतं ते डायनोवर, म्हणजे गाडी जागेवर ठेवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, दाबाचा सेन्सर लावून पाहावं लागतं.

कमी खर्चाच्या चुका

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे टॅपेट कव्हरच्या नळीला छोटा फिल्टर लावून वाफ बॉनेटखाली मोकळी सोडणं. गाडीत जळक्या तेलाचा वास येतो, हे त्यातलं लहान नुकसान. हवा मोजून पेट्रोल सोडणाऱ्या इंजिनात पीसीव्हीची दुसरी नळी चालूच राहिली, तर त्या फिल्टरमधून न मोजलेली हवा आत शिरते आणि मिश्रण बिघडतं. शिवाय १९६१च्या सक्तीने ज्या वाफेला बंद वाटेला लावलं, तीच पुन्हा रस्त्यावर सोडली जाते. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ने गाडीच्या मूळ रचनेत असे फेरफार करायला मनाई आहे. रेसच्या ट्रॅकवर परिस्थिती वेगळी असते, पण तिथेही मोकळीक नाही. उघडा ब्रीदर असलेल्या गाडीला मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या, एफआयएच्या, नियमांनुसार तेल पकडणारी टाकी लागते. दोन हजार सीसीपर्यंत २ लिटरची, त्यावर ३ लिटरची, आणि आतलं तेल बाहेरून दिसेल अशी. ट्रॅकवर सांडलेलं तेल मागून येणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं.

दुसरी चूक नळीची. रेडिएटरसाठीची साधी रबरी नळी तेलाच्या वाफेने फुगते, मऊ पडते आणि निर्वाताने चिमटली जाते. बाहेरून सगळं ठीक दिसतं, आत वाट बंद झालेली असते. इथे तेल सहन करणारी, जाड भिंतीची नळी लागते, आणि तिचा व्यास मूळ नळीपेक्षा कमी असता कामा नये.

तिसरी चूक निदानाची. दर आठवड्याला डबा भरत असेल तर डब्याला शाबासकी देऊन चालत नाही. रिंगा झिजल्या आहेत का, ते पाहावं लागतं. लीक-डाउन चाचणीत सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून किती टक्के निसटते ते मोजतात. निरोगी इंजिनात हा आकडा साधारण दहा टक्क्यांच्या आत राहतो. वीसच्या वर गेला आणि तेलाच्या झाकणातून हवेचा फुसफुस आवाज आला, तर रिंग-पिस्टनचं काम काढावं लागतं. तिथे कितीही महागडा कॅच कॅन उपयोगी पडत नाही.

डबा उघडताना

डबा बसवणाऱ्याने तो वेळेवर रिकामा करण्याची जबाबदारीही स्वतःकडे घेतलेली असते. थंड प्रदेशात साचलेलं पाणी गोठून वाट बंद होते आणि सकाळी गाडी सुरू करताच दाब वाढू लागतो. भरलेल्या डब्यातून तेल एका घोटात परत इंजिनात ओढलं गेलं तर नुकसान आणखी मोठं. म्हणून सुरुवातीला हजार-दीड हजार किलोमीटरवर डबा उघडून पाहावा आणि गाडीची सवय कळली की अंतर ठरवावं.

इंजिन गार झाल्यावर डब्याच्या तळाचं बूच फिरवलं की खाली धरलेल्या बाटलीत आधी दुधाळ, कॉफीच्या रंगाचं पाणी येतं आणि मागून काळं तेल. त्याला पेट्रोलचा उग्र वास असतो. हे परत चेंबरमध्ये ओतायचं नसतं, कारण त्यात आम्ल आणि पाणी मिसळलेलं असतं. गटारात तर अजिबात नाही. गॅरेजात जुन्या तेलाचा पिंप असतो. तिथून ते अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडे जातं. बाटलीवर तारीख, किलोमीटर आणि साचलेले मिलिलिटर लिहून ठेवले, की पुढच्या वेळी बूच उघडताना तुलना करता येते. आकडा स्थिर असेल तर बूच घट्ट करायचं, जाळी पुसायची, नळ्यांचे क्लॅम्प एकदा हाताने तपासायचे आणि बॉनेट लावायचं. आकडा वाढत चालला असेल, तर त्याच दिवशी लीक-डाउन चाचणीची वेळ घ्यायची.